खाडीकिनाऱ्याच्या बोर्डांवर उल्हास नदी कुठे आहे? सुशोभीकरण समितीला खुलं पत्र

प्रति,
खाडीकिनारा सुशोभीकरणाचं आणि इतिहासाच्या बोर्डांचं काम बघणाऱ्या समितीतले सगळे साहेब आणि मॅडम,
ठाणे

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पहिल्या टप्प्यात किनाऱ्यावर वॉकिंग ट्रॅक झाला आणि त्याच्या कडेने शहराच्या इतिहासाचे बोर्ड लागले, ते मी एकूण एक वाचलेत, मोबाइलवर फोटो काढून घरी येऊन परत वाचलेत. शिलाहार आहेत, पोर्तुगीज आहेत, किल्ला आहे, १८५३ ची रेल्वे आहे, तलाव आहेत, शेवटच्या बोर्डावर फ्लेमिंगो आहेत. उल्हास नदीचं नाव एकाही बोर्डावर नाही. आणि आम्ही कोळी एका फोटोत आहोत, डोक्यावर टोपली घेतलेली बाई, खाली लिहिलंय 'पारंपरिक वेशभूषा'. आता कळतंय की दुसऱ्या टप्प्यात हाच मजकूर पुढच्या किनाऱ्यावरही लागणार आणि त्याच टप्प्यात आमचा होड्या लावायचा उतार बंद होऊन तिथे रेलिंग आणि सेल्फी पॉइंट येणार. हे कळल्यावर गप्प बसणं मला जमणार नाही म्हणून हे पत्र लिहितेय, आणि ते सगळ्यांनी वाचावं म्हणून खुलं लिहितेय.

माझा यात काय संबंध ते आधी सांगते. माहेर ठाणे पूर्वेचं, कोळ्याचं घर. सासर खाडीपलीकडे कळव्याच्या पुढे, आगऱ्याचं घर, सासऱ्यांच्या वडिलांचं मिठागरावर काम आणि थोडी खारजमिनीतली भातशेती. मी शाळेत इतिहास-भूगोल शिकवते. म्हणजे ज्या पाण्याबद्दल तुम्ही बोर्ड लावलेत त्या पाण्यावर माझी दोन्ही घरं जगली आणि त्याच पाण्याबद्दल मला रोज पोरांपुढे उभं राहून बोलावं लागतं. पोरं विचारतात की मॅडम आपल्या ठाण्याला नदी नाहीये ना? आणि त्यांची काही चूक नाही कारण त्यांना कुणी सांगितलेलंच नाही, आता तर बोर्डावर पण नाही.

तर पहिली गोष्ट हीच. आपल्याला नदी आहे. राजमाचीच्या डोंगरात उल्हास उगवते, कोंढाण्याच्या लेण्यांखालून कर्जतला उतरते, नेरळ, वांगणी, बदलापूर करत कल्याणला येते, वाटेत तिला पेज मिळते, पोशीर मिळते, बारवी मिळते, मग काळू येते जी टिटवाळ्याजवळ भातसाला घेऊन आलेली असते. कल्याणपासून पुढे भरती-ओहोटी लागते म्हणून लोक तिला खाडी म्हणतात. डोंबिवली, दिवा, मुंब्रा करून पारसिकच्या डोंगराला वळसा घातला की ठाण्याच्या वरच्या अंगाला तिचे दोन फाटे होतात, मोठा फाटा बाळकूम, कोलशेत, गायमुख, घोडबंदरवरून वसईला समुद्राला मिळतो आणि बारका फाटा ठाणे आणि कळव्याच्या मधून दक्षिणेला उतरतो, तोच पुढे ऐरोली, वाशी करत मुंबईच्या बंदराला लागतो. असा सगळा मिळून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास तिचा प्रवास. या बारक्या फाट्यात नदीचं पाणी कमी आणि समुद्राचं जास्त, हे मला मान्य आहे, अभ्यासक तसंच सांगतात आणि मासे मारणाऱ्यालाही ते माहीत असतं. पण साष्टी बेट, म्हणजे ज्यावर ठाणं आणि मुंबईची उपनगरं आहेत ते, आहे ते याच दोन फाट्यांमुळे आणि ठाणं जिथे आहे तिथे आहे ते पण त्यामुळेच. नदीला वगळून तुम्ही या शहराची जागाच समजावून सांगू शकत नाही.

माझा आजा पावसाळ्याच्या सुरुवातीला उतारावर उभा राहून पाण्याचा रंग बघायचा. आपल्याकडे अजून चार थेंब पण नाही पडलेले आणि ओहोटीच्या पाण्याला तांबूस झाक आली की तो म्हणायचा, वर लागलाय, करजतला लागलाय. त्याला राजमाची कुठे आहे हे नकाशात दाखवता आलं नसतं, तो शाळेत गेलेलाच नव्हता, पण पाणी कुठून येतं ते त्याला बरोबर माहीत होतं. तिकडे बदलापूर-कर्जतच्या बाजूला त्याच दिवसांत वलगणीचे मासे चढतात, पहिल्या पुराबरोबर उलटे वर जाऊन ओढ्यांतून शेतात शिरतात अंडी घालायला, आणि कातकरी, ठाकर, आगरी, कुणबी सगळी माणसं रात्री बॅटऱ्या घेऊन बांधावर असतात. (आणि अंड्यावर आलेले मासे त्या चार दिवसांत किती मारायचे हा वेगळा विषय, त्यावर पण बोललं पाहिजे, पण इथे नको.) एकाच नदीच्या वरच्या आणि खालच्या टोकाला एकाच आठवड्यात माणसं घराबाहेर पडतात. हा इतिहास नाही तर मग काय आहे?

दुसरी गोष्ट बोर्डांवरच्या इतिहासाची. तुम्ही सुरुवात शिलाहारांपासून केलीय. शिलाहार मोठे होतेच, ठाण्याला श्रीस्थानक म्हणून त्यांनी राजधानीचं वैभव दिलं, १०१७ सालचा अरिकेसरी राजाचा ताम्रपट ठाण्यातच जमिनीत सापडला, त्याबद्दल तुम्ही लिहिलंत ते चांगलंच केलंत. पण त्यांच्या आधी हजार वर्षं या नदीवर कल्याण हे बंदर होतं आणि त्या बंदराचं नाव परदेशात लोक लिहून ठेवत होते. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाने लिहिलेल्या 'पेरिप्लस'मध्ये कल्याण आहे, तिथे म्हटलंय की आधी हे रीतसर व्यापाराचं बंदर होतं पण राज्य बदललं आणि आता तिथे ग्रीक जहाज चुकून लागलं तर पहारा देऊन भडोचला नेतात. म्हणजे दोन राज्यांच्या भांडणात बंदर अडवून ठेवलं होतं, आणि ते अडवण्याइतकं मोठं होतं. सहाव्या शतकातला कॉस्मस नावाचा व्यापारी परत कल्याणचं नाव घेतो. कान्हेरीच्या लेण्यांत दान देणाऱ्यांमध्ये कल्याणची माणसं आहेत. माल यायचा कसा, तर देशावरून घाट उतरून. जुन्नरवरून नाणेघाट उतरला की काळूचं खोरं, बोरघाटाच्या बाजूने उतरलं की उल्हासचं खोरं. नाणेघाटात सातवाहनांच्या राणी नागनिकेचा शिलालेख आहे, कोंढाण्याच्या लेण्यात कान्हाचा शिष्य बलक याने हे केलं असं कोरलंय. मला या बलकाचं नाव वर्गात सांगायला फार आवडतं. राजा नाही, सेनापती नाही, काम करणारा माणूस आणि त्याचं नाव दोन हजार वर्षं उल्हासच्या खोऱ्यात दगडावर टिकलंय. तुमच्या एवढ्या सगळ्या बोर्डांवर काम करणाऱ्या एकाही माणसाचं किंवा जमातीचं नाव नीट आलेलं नाही.

पुढचं पण तसंच. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतलं आणि आरमाराची सुरुवात इथल्या खाडीत झाली, जहाजं इथे बांधली. दुर्गाडी किल्ला आजही खाडीवर उभा आहे, कल्याणचा कुठलाही माणूस हे सांगेल. १७३७ ला मराठ्यांनी ठाणं घेतलं हे तुमच्या बोर्डावर आहे. पण साष्टी हे बेट, म्हणजे ठाणं घ्यायचं तर पाणी ओलांडणं आलंच. होड्यांशिवाय, भरती-ओहोटी माहीत असलेल्या माणसांशिवाय, कुठे चिखल आहे आणि कुठे खोल आहे हे सांगणाऱ्यांशिवाय हे होत नाही. त्या वाक्यात तुम्ही 'मराठी फौजांनी खाडी ओलांडून' असं लिहून पुढे गेलात. घोडबंदरबद्दल लिहिताना घोडे उतरायचे असं लिहिलंत, ते उतरवून घेणारे हात कुणाचे ते नाही लिहिलंत. १८५३ ची पहिली रेल्वे, १६ एप्रिल, बोरीबंदर ते ठाणे, त्यावर तर दोन बोर्ड आहेत, पण पुढच्याच वर्षी खाडीवर पूल बांधून गाडी कल्याणला गेली आणि त्या पुलाने नदीवरची वाहतूक हळूहळू मारली हे नाही. वाशीचा पूल १९७३ चा. तोपर्यंत पलीकडच्या गावांतली माणसं तरीने यायची, भाजी, मासे, दूध, आजारी माणूस, नवरी, सगळं होडीतून. माझ्या आजीचं लग्नाचं वऱ्हाड होडीने आलेलं, भरतीची वेळ बघून मुहूर्त धरलेला. हे सगळं सांगणारी माणसं अजून जिवंत आहेत, ऐंशीच्या पुढची आहेत, त्यांना विचारायला तुमच्याकडून कुणी आलं का? आमच्याकडे तरी कुणी आलं नाही. मजकूर कुणी लिहिला हे ऑफिसमध्ये विचारलं तर एजन्सीने दिला एवढंच उत्तर मिळालं.

तिसरी गोष्ट, माणसं. तुम्ही 'स्थानिक भूमिपुत्र' असा एक शब्द वापरून सगळ्यांना त्यात घातलंय. असं करू नका. कोळी वेगळे, आगरी वेगळे, आणि दोघांचं एकमेकांशिवाय चालत नव्हतं. कोळ्याने डोल लावायची, वाण टाकायची (ही दोन्ही जाळ्यांची नावं), पागायचं, चिंबोऱ्या काढायच्या, निवट्या पकडायच्या, बायकांनी पाटी घेऊन बाजाराला जायचं. आगऱ्याने खाजणाला म्हणजे भरतीचं पाणी शिरतं त्या जमिनीला बांध घालून खारं पाणी अडवायचं, उघाडीतून म्हणजे बांधातल्या दारातून पाणी सोडायचं, तिथे भात करायचं, उन्हाळ्यात मीठ पिकवायचं. मीठ नसेल तर मासे सुकणार कसे? भंडारी आहेत. ईस्ट इंडियन ख्रिस्ती आहेत, जे कोळी-आगरी-भंडाऱ्यांमधूनच पोर्तुगीज काळात ख्रिस्ती झाले आणि ज्यांच्या घरात आजही आपल्यासारखीच मराठी बोली चालते. भिवंडीकडच्या खाडीकाठी मुसलमान वस्त्या आहेत जुन्या, दर्यावर्दी आणि व्यापारी. वरच्या अंगाला कातकरी, ठाकर, महादेव कोळी. कातकरी तर उन्हाळ्याआधी घरदार उचलून कल्याण-भिवंडीच्या वीटभट्ट्यांवर येतो, त्याच नदीच्या काठाच्या मातीच्या विटा पाडतो आणि त्या विटांची आपली शहरं उभी राहतात. १९४९ ला सिंधमधून निर्वासित होऊन आलेल्या लोकांच्या छावणीला गावाचं रूप आलं तेव्हा नाव ठेवलं उल्हासनगर, या नदीवरून. फाळणीत सगळं सोडून आलेल्या माणसांना नदीचं नाव मिळालं आणि ठाण्याच्या बोर्डावर नदीला जागा नाही!

नवी मुंबईच्या बाजूचं पण सांगते कारण तुमच्या शेवटच्या बोर्डावर 'पलीकडे नियोजित शहर उभे राहिले' असं एक वाक्य आहे. ते शहर रिकाम्या जागेवर नाही उभं राहिलं. १९७० ला सिडको म्हणजे नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी झाली आणि ९५ गावांची जमीन गेली, भातशेती, मिठागरं, खाजणं, मासेमारीच्या जागा. दिवे, गोठिवली, घणसोली, कोपरखैरणे, सारसोळे, करावे, दिवाळे, ही सगळी गावं आधीपासून होती, त्यांच्या नावाची आता रेल्वे स्टेशनं आणि सेक्टर आहेत. १९८४ च्या जानेवारीत जासईला दि. बा. पाटील साहेबांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले, गोळीबार झाला, १६ आणि १७ तारखेला मिळून पाच जण हुतात्मा झाले, त्यानंतर साडेबारा टक्के जमीन परत द्यायची योजना आली. हा खाडीच्या माणसांचा इतिहास आहे आणि तो अजून संपलेला नाही, गावठाणातली घरं नियमित करायचा प्रश्न आजही आहे. जासई उरणकडे आहे हे मला माहीत आहे, ठाण्याच्या बोर्डावर सगळं मावणार नाही हेही कळतं. पण पाच माणसं गेली ते एक ओळ तरी आहे की नाही?

आणि धरणं. बोर्डावर 'शहराला मुबलक पाणीपुरवठा' लिहिलंय. हे पाणी कुठून येतं? मुंबईच्या तलावांत जेवढं पाणी साठतं त्यातलं जवळजवळ निम्मं एकट्या भातसाचं, म्हणजे याच नदीच्या खोऱ्यातलं, शहापूर तालुक्यातलं, आणि त्या तालुक्यातल्या पाड्यांवर मार्च-एप्रिलपासून टँकर लागतात. बारवीचं पाणी ठाणे जिल्ह्यातली अर्धी शहरं आणि कारखाने पितात, तिची उंची वाढवली तेव्हा मुरबाडच्या गावांची घरं आणि शेतं पाण्याखाली गेली. काळूवरच्या धरणाला लोक किती वर्षं विरोध करतायत. भिवपुरीला तर १९२२ पासून टाटांचं वीजघर आहे, घाटावरच्या आंद्रा नदीचं पाणी बोगद्यातून खाली कर्जतच्या बाजूला येतं, वीज करून पेजेत सोडतात आणि ते उल्हासला मिळतं, म्हणून तर उन्हाळ्यात पण नदी वाहती राहते आणि खालची शहरं पाणी उचलू शकतात. किती रंजक गोष्ट आहे ही, घाटाच्या पूर्वेला बंगालच्या उपसागराकडे निघालेलं पाणी वळून आपल्याकडे येतं. पोरांना हे सांगितलं की डोळे मोठे होतात. बोर्डावर हे असतं तर ट्रॅकवर फिरणारा माणूस दोन मिनिटं थांबला असता.

चौथी गोष्ट घाणीची, आणि ही मी थोडक्यात लिहिते कारण सगळ्यांना दिसतेच आहे. अंबरनाथचं शिवमंदिर १०६० सालचं, वालधुनीच्या काठावर, त्या मंदिराचा फोटो तुमच्या बोर्डावर आहे आणि वालधुनीचं नाव नाही. ती नदी आज कुठल्या रंगाची असते ते मंदिराच्या मागे जाऊन बघा. २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये उल्हासनगरला टँकरमधून केमिकल तिच्यात सोडलं गेलं आणि शेकडो माणसं दवाखान्यात गेली. २०१५ ला हरित लवादाने उल्हास-वालधुनीच्या प्रदूषणाबद्दल पैसे भरायचे आदेश दिले, कोर्टबाजी पुढे चालूच राहिली. उन्हाळ्यात कल्याणजवळ मोहन्याला जलपर्णी इतकी माजते की पाणी दिसत नाही, आणि तिथूनच पिण्याचं पाणी उचललं जातं. रेती उपसून उपसून पात्र खोल आणि काठ ढासळते झाले, आधी डुबी मारून बादलीने रेती काढायचे तेव्हा एवढं नव्हतं, सक्शन पंप आले आणि सगळंच बदललं. आमच्याकडे जिताडा हा मासा म्हणजे घरात सण, आता मोठा जिताडा मिळाला तर लोक त्याचा फोटो ग्रुपवर टाकतात. जाळ्यात पिशव्या येतात, डायपर येतात.

फ्लेमिंगोंचा बोर्ड सगळ्यात सुंदर झालाय, खरंच झालाय. अभयारण्य २०१५ ला जाहीर झालं, १७ चौरस किलोमीटरच्या आसपास, २०२२ च्या ऑगस्टमध्ये रामसर म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जा मिळाला, सगळं बरोबर लिहिलंय. पण हे पण लिहा की एवढे पक्षी इथे वाढले त्यामागे खाडीतलं सांडपाणी आणि त्यावर माजणारं शेवाळ हे एक कारण अभ्यासक सांगतात. आणि हे लिहा की फ्लेमिंगो दाखवायला ज्या बोटी जातात त्या चालवणारी पोरं खाडीकाठच्याच गावांतली आहेत, त्यांना ओहोटीला कुठल्या चरात पक्षी बसतात ते वाडवडिलांकडून माहीत आहे. २०१८ ला हायकोर्टाने कांदळवन तोडायला सक्त मनाई केली, ५० मीटरचा पट्टा पण राखायला सांगितला. तुमच्या दुसऱ्या टप्प्याचा नकाशा त्या पट्ट्यात येतो का नाही हे तुम्ही लोकांना सांगितलेलं नाही. सांगा.

पाचवी गोष्ट, आणि माझ्यासाठी सगळ्यात तातडीची. उतार. आमच्या होड्या जिथे लागतात तो उतार म्हणजे मोकळी पडीक जागा नाही. तिथे जाळी सुकतात, शिवली जातात, होडी उलटी करून तिला डांबर-रंग लागतो, नारळी पौर्णिमेला नारळ तिथूनच सोडला जातो, गणपती तिथूनच जातात, आणि भांगाच्या दिवसांत म्हणजे पाणी कमी चढतं तेव्हा होडी चिखलातून ओढत आणायची तर रेलिंग चालत नाही, पायऱ्याही चालत नाहीत, उतारच लागतो. रेलिंग लावून बाजूला 'फिशरमन जेट्टी' देऊ असं तुमच्याकडून तोंडी सांगितलं गेलं. ती जेट्टी ओहोटीला पाण्यापासून किती लांब राहील हे कुणी मोजलंय का? इथल्या घरांतली बरीच पोरं आता नोकरीला आहेत हे खरं आहे, होड्या आधीच्या मानाने मूठभर उरल्यात हे पण खरं. पण ज्यांच्या आहेत त्यांचं घर त्यावर चालतं. कमी उरलेत म्हणून पुसून टाका असा न्याय नसतो.

आणि केंद्र सरकारने २०१६ च्या कायद्यात कल्याण-ठाणे-मुंबई हा जलमार्ग राष्ट्रीय जलमार्ग ५३ म्हणून जाहीर केलाय, त्यासाठी कोलशेत, काल्हेर, डोंबिवली अशा ठिकाणी जेट्ट्यांचं काम आहे. माझा याला विरोध नाही, उलट नदीवरून परत माणसं जाणार याचा मला आनंद आहे, हा रस्ता आमचाच जुना रस्ता आहे. पण बोटींच्या मार्गात कुणाच्या डोलीचे खुंट आहेत, कुठे वाण लागते, उधाणाला कुठे पाणी वळतं, हे गाव बसवून विचारून नकाशावर घेतलं नाही तर बोट येणार आणि जाळं फाटणार, भरपाई कुणी द्यायची ते ठरलेलं नसणार.

नदी विसरल्याचा फटका आपल्यालाच बसतो. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये उल्हासच्या पुरात अडकली, हजारावर प्रवासी, एनडीआरएफच्या आणि नेव्हीच्या बोटी आल्या, आजूबाजूच्या गावांतली माणसं पण पाण्यात उतरली मदतीला. पूररेषेत इमारती त्याच्या आधी पण होत्या आणि आज पण होतायत. नदी कुठे आहे, किती पसरते, हे लोकांना माहीत असतं तर फ्लॅट घेताना निदान दोन प्रश्न तरी विचारले असते. म्हणून मी बोर्डांबद्दल एवढं भांडतेय. रोज सकाळी त्या ट्रॅकवर शेकडो माणसं चालतात, त्यातली निम्मी बाहेरून आलेली, या शहराबद्दल त्यांना जे कळणार ते त्या बोर्डांवरून कळणार.

आता मागण्या. साध्या आहेत, सगळ्या तुमच्या अखत्यारीतल्या आहेत.

दुसऱ्या टप्प्याच्या बोर्डांची छपाई थांबवा. पहिला बोर्ड उल्हास नदीचा करा, राजमाचीपासून वसई आणि मुंबई बंदरापर्यंतचा पूर्ण नकाशा, उपनद्यांसकट, धरणांसकट, आणि काठावरच्या जुन्या गावांची नावं त्यांच्या जुन्या नावांनी.

नदीवर जगलेल्या समाजांची नावं घेऊन, त्यांच्या कामाची माहिती देऊन वेगळे बोर्ड करा. मजकूर छापण्याआधी कोळीवाड्यात आणि आगरी गावांत वाचून दाखवा, हरकती घ्या. 'पारंपरिक वेशभूषा' वाला बोर्ड काढा. त्या फोटोतली बाई कोण आहे हे शोधायला आम्ही मदत करू, सापडली तर तिच्या घरच्यांना विचारून तिचं नाव लिहा.

ऐंशीच्या पुढच्या माणसांच्या आठवणी रेकॉर्ड करा, या वर्षीच करा. खाडीतल्या चरांना, खडकांना, वळणांना जी नावं आहेत ती फक्त त्यांना माहीत आहेत. त्यासाठी मोठं टेंडर नको, आमच्या शाळेची पोरं मोबाइल घेऊन करतील, तुम्ही फक्त ते सांभाळून ठेवायची जबाबदारी घ्या.

उतार आहे तसा ठेवा. जाळी सुकवायची जागा नकाशावर 'मच्छीमारांसाठी राखीव' म्हणून दाखवा आणि त्याची प्रत मच्छीमार सोसायटीला सही-शिक्क्याने द्या. लाइट लावा, पाण्याचा एक नळ द्या, ते आम्हाला हवंच आहे.

खाडीच्या पाण्याच्या तपासणीचे आकडे दर महिन्याला त्याच ट्रॅकवर बोर्डावर लावा, मराठीत, साध्या भाषेत. आणि दुसऱ्या टप्प्याचा नकाशा कांदळवनाच्या पट्ट्याबरोबर लोकांसमोर ठेवा.

जलमार्गाची जेट्टी बांधणाऱ्यांबरोबर एक बैठक लावून जाळ्यांच्या जागांचा नकाशा आणि भरपाईचा नियम आधी ठरवा, बोटी नंतर.

या सगळ्यासाठी तुमच्याशी बसायची आमची तयारी आहे. बैठक एसी हॉलमध्ये नको, उतारावर घ्या, आणि ओहोटीच्या वेळेला घ्या म्हणजे पाणी किती मागे जातं आणि होडी कुठून ओढावी लागते ते नकाशा न उघडता दिसेल. आमच्याकडून सोसायटीची माणसं असतील, मासे विकणाऱ्या बायका असतील, शाळेतली काही पोरं असतील, पलीकडच्या गावांतून पण लोक येतो म्हणालेत. ओहोटीची वेळ आम्ही कळवतो, तारीख तुम्ही कळवा, लेखी कळवा, आणि तोपर्यंत उतारावर रेलिंगचा एकही खड्डा खणू नका.

आपली,
ठाणे पूर्वेची एक कोळीण, कळव्याच्या आगऱ्यांची सून आणि शाळेतली मास्तरीण